घारापुरीचा काळा दगड

सोलापूरच्या माणसाला समुद्राची ओळख उशिरा होते. आपल्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, फार तर उजनीचे धरण. ६ डिसेंबरला दादरला जाणारी मंडळी समुद्र पाहतात, पण तो गर्दीच्या डोक्यांवरून. रांग, पुस्तकांची दुकाने आणि परतीची गाडी गाठण्याची घाई, यात समुद्राकडे निवांत पाहायला सवड कुणाला असते? बेट तर आपल्या वाट्याला येते ते शाळेच्या भूगोलातच. चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट, एवढी व्याख्या पाठ केली की मार्क मिळतात. ती जमीन कशाची बनली, ती पाण्यात एकटी का उभी राहिली, तिचे काठ मोडल्यासारखे का दिसतात, हे परीक्षेला येत नाही.

मुंबई बंदरातले घारापुरी बेट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. १९८७ साली तिथल्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि लेण्यांवर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. आम्हाला लिहायचे आहे ते बेटाच्या दगडाविषयी आणि त्याच्या किनाऱ्याविषयी. कारण तो दगड आमच्या ओळखीचा निघाला, आणि ती ओळख आम्हाला कुठल्या पुस्तकाने नव्हे, तर आमच्या आईने पटवून दिली.

आमच्या वस्तीतल्या चार कुटुंबांनी वर्षभर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढले आणि जानेवारीत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. लहानमोठी धरून एकोणीस माणसे. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, भाजलेले शेंगदाणे असा शिधा सोबत. सकाळी गेटवेला पोचलो. बोटीत बसताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावले, ते बरेच झाले. याच मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवाशांनी भरलेली बोट बुडाली होती आणि हसतखेळत निघालेली माणसे परतली नव्हती. आमच्यातल्या बायकांनी पोरांच्या जॅकेटचे पट्टे तीनतीनदा ओढून पाहिले.

बोट तासभर चालते. बंदरातून जाताना डोळ्यांना दिसते ते सगळे माणसाने उभे केलेले आहे. नौदलाची जहाजे, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. या सगळ्यांच्या मधोमध घारापुरीचे दोन हिरवे डोंगर उभे आहेत. एक पश्चिमेला, एक पूर्वेला, मध्ये अरुंद घळ. उंची पाचशे फुटांच्या आसपास असेल. लांबून ते मऊ दिसतात. जवळ गेल्यावर खालचा काळा काठ दिसू लागतो आणि मऊपणा संपतो.

भरतीला आलेल्या माणसाला हा काठ नीट दिसत नाही. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती. काही ठिकाणी काळाशार चिखल आणि त्यात मुळांवर उभी राहिलेली तिवरांची झाडे, तर काही ठिकाणी उघडा पडलेला खडक. फुटलेला, खाचाखोचांचा, कालवांच्या शिंपल्यांनी पांढरा झालेला. सगळे लोक धक्क्यावरून छोट्या रेल्वेगाडीकडे पळत होते. आमची आई मात्र धक्क्याच्या कडेला थांबली आणि खाली वाकून पाहू लागली. तिचा डावा डोळा अधू असल्यामुळे ती मान तिरकी करून उजव्या डोळ्याने पाहते.

"ह्यो तर आपल्याकडचा मांजऱ्या हाय की," ती म्हणाली.

मांजऱ्या दगड म्हणजे काय, हे ज्याने आपल्या भागात विहीर खणताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा मांजऱ्या, आणि त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा फत्तर. फत्तर संपला की पुन्हा मांजऱ्या लागतो, कधी मध्ये तांबड्या मातीसारखा पट्टा लागतो. विहिरीवर काम करणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. आमच्या आईला तो १९७२ साली पाठ झाला.

त्या दुष्काळाचे वर्ष सोलापूर जिल्ह्यातले कुठलेच कष्टकरी घर विसरलेले नाही. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. सांगोल्याकडच्या एका रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जात असे. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, मांडीशी दगड धरायचा आणि हातोडीने दिवसभर फोडायचा. मजुरी ब्रासवर. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. हातोडी मारताना एक बारीक कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात गेली. कामावर औषधपाण्याची सोय नव्हती. मुकादमाने पदर ओला करून डोळ्यावर ठेवायला सांगितले आणि त्या दिवसाची मोजणी त्या दिवसापुरती थांबवली, एवढेच. आमच्या घरात ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. पण आई ती रडत सांगत नाही. ती सांगते दगडाविषयी. फत्तराला नस असते, नस बघून घाव घातला तर एका घावात दोन तुकडे, नाही तर दहा घाव घालून नुसता भुगा. मांजऱ्या फुटायला सोपा, पण त्याची खडी रस्त्यावर टिकत नाही म्हणून साहेब ती नापास करायचा. हे तिचे शिक्षण.

आता पुस्तकातले शिक्षण काय म्हणते ते पाहू. आम्ही पडलो कॉमर्सवाले, त्यामुळे जे समजून घेतले ते साध्या भाषेतच सांगू शकतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या सगळ्या भागात जमिनीला लांबलचक भेगा पडून तप्त रस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एखादा टोकदार ज्वालामुखी नव्हे. रस पसरत गेला, थंड झाला, त्यावर काही काळाने दुसरा लोट आला, मग तिसरा. प्रत्येक थर वरून निवताना त्यातली हवा आणि वाफ वर येते आणि भोके राहतात. तोच आपला मांजऱ्या. पुढे त्या भोकांत पाझरलेल्या पाण्याने पांढरे खनिज भरले. थराचा मधला भाग हळूहळू निवतो, म्हणून तो घट्ट, तोच फत्तर. दोन लोटांमध्ये मोठा खंड पडला तर वरच्या भागाची माती होते, पुढच्या लोटाने ती भाजून निघते, आणि तो तांबडा पट्टा. म्हणजे विहिरीत जो क्रम दिसतो तो एकावर एक आलेल्या लोटांचा क्रम आहे. जुना लोट खाली आणि नवा वर.

या दगडाने आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. घाटाकडे तो फार जाड, पूर्वेकडे सरकत जाताना पातळ होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खालचा कितीतरी जुना खडक लागला. इंग्रजीत या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा असे आम्हाला इतकी वर्षे वाटत होते. पण तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, कारण हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

तर मग घारापुरीच्या काठावर आणि सोलापूरच्या विहिरीत एकच जातीचा दगड. आईचे म्हणणे बरोबर होते. फरक एकच, आणि तोही तिनेच पहिल्यांदा बोलून दाखवला. "ह्यो वाकडा का बसलाय?" तिने विचारले. आपल्याकडे विहिरीतला थर पाण्याच्या पातळीसारखा सरळ असतो. घाटातही डोंगरावरचे पट्टे सरळ रेषेत जातात. इथे मात्र थर कलले होते.

याचे उत्तर शोधायला आम्हाला परतल्यावर वेळ लागला, पण मिळाले. घाट उतरून पनवेलच्या बाजूला आले की काळ्या दगडाचे थर समुद्राकडे वाकतात. हा वाकलेला पट्टा दीडशे किलोमीटर लांब आहे. त्याला भूशास्त्रज्ञांनी पनवेलचेच नाव दिले आहे. आणि घारापुरी त्याच पट्ट्याच्या शेजारात येते. २०१७ साली भूशास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवून दिले की बेटावरून दोन मोठ्या भेगा गेलेल्या आहेत. तोवर त्यांची नोंद कुणी केलेली नव्हती. जगभरचे विद्वान दीडदोनशे वर्षे त्या बेटावर मूर्ती पाहायला येत होते आणि उघड्यावर पडलेल्या भेगा तशाच राहिल्या होत्या! या भेगा पूर्वेकडे तीव्र उताराने खाली जातात आणि त्यांच्या पूर्वेचा भाग खाली सरकलेला आहे. सरकताना दगडावर दगड घासला, त्याच्या रेषा खडकावर उमटल्या आहेत. त्या रेषा सरळ खाली जात नाहीत, तिरक्या आहेत. म्हणजे जमीन नुसती खचली नाही, खचता खचता बाजूलाही सरकली.

थर पश्चिमेला समुद्राकडे कललेले आणि खचलेला भाग मात्र पूर्वेचा, हे कोडे आम्हाला सुटेना. शेवटी कार्यालयातल्या रॅककडे पाहून उलगडा झाला. रॅकमध्ये उभ्या फायली गच्च भरलेल्या असतात तोवर सरळ राहतात. थोडी मोकळी जागा झाली की सगळ्या एका बाजूला कलंडतात. प्रत्येक फाईल शेजारणीला घासत जराशी खाली सरकते आणि तिची वरची कड तिरपी होते. फायलींमधल्या फटी म्हणजे या भेगा, वरच्या तिरप्या कडा म्हणजे कललेले थर. न्हावा-शेवाकडेही अशीच एक भेग आहे, बेलपाड्याकडे आणखी एक.

मोकळी जागा कशी झाली? तर पश्चिमेकडची जमीनच निघून गेली. आज हिंदी महासागरात आफ्रिकेच्या बाजूला असलेली सेशेल्स बेटे एके काळी आपल्या भूमीला चिकटून होती. सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपास ती सुटली आणि मध्ये समुद्र शिरला. ओढताना आपल्या बाजूची कड ताणली गेली, वाकली आणि तडकली. सेशेल्सचा बराचसा खडक आपल्या काळ्या दगडाहून दहापट जुना, पंचाहत्तर कोटी वर्षांचा. पण त्यातही काही ठिकाणी आपल्या काळातले ज्वालामुखीचे दगड सापडतात. शेत वाटून घेतले तरी बांधावरच्या झाडाची मुळे दोन्हीकडे राहतात, तसे हे.

भेग म्हटले की आपल्या भागातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही शाळकरी वयात अनुभवली. सोलापुरात भांडी पडली, खाटा हलल्या, आणि नंतर कितीतरी रात्री सगळी गल्ली रस्त्यावर झोपली. किल्लारी, सास्तूरकडची हजारो माणसे गेली ती बहुतेक घरांच्या भिंतींखाली. जाड भिंती, माती आणि हाच काळा दगड. म्हणून आमच्यातल्या एका बाईने बेटावरच्या चहावाल्याला पहिला प्रश्न विचारला तो, "इथं जमीन हलते का हो?" तो हसून म्हणाला, "बोट हलते, ताई." पण पनवेलच्या त्या पट्ट्याखाली आजही बारीक धक्के नोंदले जातात आणि खालच्या भेगा पूर्ण शांत झालेल्या नाहीत, असे जाणकार सांगतात. घाबरून जाण्याजोगे नव्हे, पण विसरून जाण्याजोगेही नाही.

पायऱ्या चढून आम्ही मोठ्या लेण्याशी गेलो. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ते कोरले असे मानतात. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. तीन मुखांची ती प्रचंड मूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे आणि ती पाहताना कुणीही गप्पच होतो. आईने मूर्तीपेक्षा छताकडे जास्त वेळ पाहिले. एवढे मोठे छत आणि खाली मोजके खांब! दगड निवडणाऱ्याने घट्ट फत्तराचा जाड थर पाहूनच डोंगर धरला असणार. मांजऱ्यात असे दालन उभे राहिले नसते. काही खांब पुढच्या काळात पडले आणि ते नव्याने उभे केलेले आहेत, हेही तिने रंगावरून ओळखले.

बहुतेक लोक इथूनच परततात. काही जण पश्चिमेच्या डोंगरावरच्या दोन जुन्या तोफा पाहायला जातात. आम्हाला जायचे होते पूर्वेच्या डोंगराकडे, कारण तिथे स्तूपाचे अवशेष आहेत आणि बौद्ध लोक या बेटावर मोठ्या लेण्याच्या कितीतरी आधी राहत होते. घळ ओलांडून पलीकडे गेले की पायवाट सुरू होते. तिथे गर्दी नाही, माकडेही कमी. आधी एक लेणे लागते, त्याच्या शेजारी दुसरे, अपुरे. तीन खोल्या कोरण्याचा बेत असावा. पुढची ओसरी तेवढी झाली आणि काम थांबले. खडकात दोष निघाला म्हणून ते सोडून दिले असावे, असे अभ्यासक सांगतात.

आई तिथे बराच वेळ बसली. पायऱ्यांनी तिचे गुडघे धरले होते हेही खरे. पण तिचा हात खडकावरून फिरत होता. मग तिने आमच्या मुलीला जवळ बोलावले आणि बोट ठेवून दाखवले. "हितं नस फुटलीया बघ. आत किती बी घाव घाल, सरळ निघायचा न्हाई. त्यांनी बी तोंडात मारल्यागत हातोडी खाली ठिवली आसंल." मुलगी दहावीला आहे. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "आज्जी, मग त्यांना मजुरी मिळाली असेल का?" आईने जरा विचार केला. "ब्रासवर आसंल तर न्हाई मिळाली," ती म्हणाली.

अजिंठा, कार्ले, कान्हेरी, सगळीकडे आपण खांब मोजतो, शिलालेख वाचतो, दान देणाऱ्यांची नावे वाचतो. त्या नावांत कुठे व्यापारी, कुठे सोनार, कुठे भिक्षुणी. हातोडी मारणाऱ्यांची पोरेबाळे कुठे राहत होती, कपची डोळ्यात गेली तर ते काय करत होते, हे कुठल्या दगडावर आमच्या वाचनात आलेले नाही. आमच्या आईने तो प्रश्न विचारला नसता तर आम्हालाही सुचला नसता.

तिथून पुढे एक कोरडा तलाव आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. चहूकडे समुद्र आणि प्यायला थेंब नाही, अशा जागी पावसाचे पाणी धरून ठेवल्याशिवाय माणूस राहूच शकत नाही. घट्ट फत्तरात टाके खोदले तर पाणी सहसा झिरपून जात नाही. भेगांच्या दगडात खोदले तर वर्षभराची मेहनत वाया. म्हणजे लेणे कोरण्याआधी टाके कुठे खोदायचे हे ठरवणारा माणूस दगडाचा जाणकारच असला पाहिजे. दुष्काळी भागातल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

डोंगराच्या सोंडेवर स्तूपाचा उंचवटा आहे. आईला वर आणता आले नाही. आम्ही सात-आठ जण गेलो. आता तो एखाद्या ढिगाऱ्यासारखा दिसतो, पूर्वी बराच उंच होता म्हणतात. तो विटांचा आहे. ज्या बेटावर दगडाशिवाय दुसरे काही नाही, तिथे सर्वांत आधी आलेल्या आपल्या लोकांनी विटा वापरल्या, याचे आम्हाला मोठे नवल वाटले. वंदना घेऊन आम्ही थोडा वेळ वाऱ्यावर उभे राहिलो. वरून सगळा किनारा एका नजरेत येतो. ओहोटीने उघडा पडलेला चिखलाचा रुंद पट्टा, त्यातून डोके काढलेले काळे खडक, तिवरांची हिरवी किनार, आणि भरतीच्या खुणेपर्यंत गेलेला दगडाचा वेगळा रंग. समुद्र इथे मोठ्या लाटांनी आपटत नाही, बंदरातले पाणी शांत असते. पण तो दिवसातून दोनदा येतो आणि जातो. मिठाचे पाणी मांजऱ्याच्या भोकांत शिरते, वाळते, मीठ फुगते आणि दगड आतून पोखरला जातो. घट्ट फत्तर आपल्या भेगांवरून चौकोनी तुकड्यांनी सुटतो. असा हा काठ दोन वेगळ्या तऱ्हांनी एकाच वेळी झिजतो, म्हणून तो इतका खडबडीत.

खाली परतल्यावर पाहतो तर आई किनाऱ्यावरच्या एका बाईशी गप्पा मारत बसलेली. ती खडकावरून कालवे काढत होती. ओहोटीच्या तेवढ्याच तासांत जायचे, लोखंडी टोकदार हत्याराने शिंपला उघडायचा, आतले मांस डब्यात टाकायचे. तिची बोटेही चिंध्यांनी बांधलेली होती. कालवाची कड वस्तऱ्यासारखी असते. दोघींचे काय बोलणे चालले होते ते विचारले, तर आई म्हणाली, "इचारत होती, तुमच्याकडं दगडावर काय मिळतंय? म्या म्हनलं, आमच्याकडं नुसता दगडच मिळतुय." दोघी पुन्हा हसू लागल्या.

त्या बाईकडूनच बेटाची बाकी हकीकत कळली. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे. मुंबईच्या रोषणाईच्या इतक्या जवळ असून समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर जनरेटरवर दोन-तीन तास दिवे. पाहुण्यांना बेटावर रात्री राहता येत नाही, शेवटची बोट गेली की बेट त्यांचे त्यांचे असते.

बेटाचे 'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी एका दगडी हत्तीवरून ठेवले. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचे ठरले, उचलताना पडून फुटला, आणि पुढे १९१४ साली तुकडे जोडून उभा केला. तो आज मुंबईत राणीच्या बागेत आहे. पोरांना तो दुसऱ्या दिवशी दाखवला. त्यांना जिवंत हत्ती नसल्याचे वाईट वाटले.

मुक्काम वरळीला नातेवाईकांकडे होता. वरळीच्या टेकडीतही दोन लोटांमधल्या खंडाची खूण सापडलेली आहे. तिथे तळे साचले होते, त्यात लहान बेडूक होते, आणि त्यांचे सांगाडे दगडात राहिले. एकोणिसाव्या शतकात खोदकामात ते मिळाले आणि त्यांचे शास्त्रीय वर्णनही झाले. मुंबईच्या पूर्व काठावर १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खणताना तर चिखलाखाली जंगलच सापडले, उभ्या बुंध्यांचे, त्यांतले बरेच खैर. म्हणजे आमची बोट ज्या पाण्यावरून गेली, त्याच्या एका काठाला कधीकाळी कोरड्या जमिनीवर खैराचे रान होते.

परतीला मुद्दाम दिवसाची गाडी धरली, घाट उजेडात दिसावा म्हणून. कर्जतला मागून जादा इंजिने लागली आणि गाडी चढू लागली. समोरच्या डोंगरांवर थर उघडे पडलेले होते. खडा कडा, मग गवताचा पट्टा, पुन्हा खडा कडा. कडा तो फत्तर, गवत धरणारा तो मऊ थर. इथे ते पुन्हा सरळ झाले होते, कुणी सुतळी लावून आखल्यासारखे. आईने खिडकीच्या गजाला कपाळ लावले आणि उजव्या डोळ्याने खालून वर मोजायला सुरुवात केली. मुलगी शेजारी वही घेऊन बसली. सातपर्यंत मोजणी झाली होती तेवढ्यात बोगदा आला आणि डब्यात अंधार झाला. बाहेर आल्यावर डोंगर बदललेला होता. आईने पुन्हा एकपासून सुरुवात केली.